अपशिंग्याच्या बायकांना कुणी विचारलं?

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय: आता सैन्यात मुली आल्याच आहेत, मग सुरक्षा धोरणात महिलांचा आवाज म्हणजे आणखी काय हवंय?

ताई, मुलींना वर्दी मिळणं वेगळं आणि धोरण ठरताना बायकांचं ऐकून घेणं वेगळं. वर्दीच्या बाबतीत आपण खरंच पुढं गेलोय. देशातलं पहिलं सैनिक स्कूल साताऱ्यात १९६१ साली सुरू झालं, तिथं आता मुली शिकतात. कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले आणि २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक लेफ्टनंट झाल्या. त्यांच्याबद्दल लिहिताना आजही ऊर भरून येतो.

पण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ३१ ऑक्टोबर २००० चा १३२५ क्रमांकाचा ठराव यापुढचं मागतो. संघर्ष टाळणं, वाटाघाटी, पुनर्वसन, या सगळ्या निर्णयांत बायका हव्यात, असं तो म्हणतो. त्यासाठी शंभरावर देशांनी राष्ट्रीय कृती आराखडे केले. नेपाळने २०११ मध्येच केला. शांतिसेनेत फक्त महिलांची पोलीस तुकडी सर्वांत आधी पाठवणारा देश आपला, २००७ मध्ये, लायबेरियाला. तरी आपला स्वतःचा आराखडा अजून नाही, हे मला पटत नाही.

विचारायचं कुणाला? साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाचंच घ्या. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा गावांतली जवानाची बायको शेत, सासू-सासरे, मुलांची शाळा एकटीनं ओढते. नवरा वारल्यावर पलटणीच्या रेकॉर्डला तिचं नाव ‘सुनंदा’ आणि आधारवर ‘सुनंदाबाई’ असेल, तर तेवढ्यावरून फॅमिली पेन्शनचा कागद अडकतो. मग ती पिशवीत नवऱ्याचं डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि लग्नाचा दाखला घालून एसटीनं जिल्ह्याच्या गावी खेपा घालते. गावाकडची ही ओढाताण चौकीवरच्या जवानांना फोनवर कळते. हा सुरक्षेचाच प्रश्न आहे, आणि तो कुठं अडतो ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

गावातल्या शांततेचंही तेच. आपल्या सांगलीच्या आर. आर. आबांनी गृहखात्यात असताना २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आणली, फार मोलाचं काम. पण बैठक संध्याकाळी चावडीवर, ऐन भाकरी थापायच्या वेळेला ठेवली तर कोणती बाई येईल? बांधाचा वाद कुठं पेटणार, दारूपायी कुणाच्या घरात काय चाललंय, हे बायकांना पोलीस पाटलाच्या आधी कळतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेणं आपल्याकडं कायद्यानंच बंधनकारक आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. जवानांच्या कुटुंबांच्या अडचणींचा ठराव तिथं मांडा, इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) सहीची प्रत घ्या. ती प्रत खासदारांना द्या आणि १३२५ चा राष्ट्रीय आराखडा कधी होणार, हा प्रश्न लोकसभेत लेखी विचारायला सांगा. मसुदा लिहायला मी मदत करीन.