सार्थ, सार्थक आणि मागे राहिलेला बैल

प्रश्न असा आला आहे: "दिवाळीच्या सेलमध्ये आम्ही काही घेत नाही, फोनही सहा वर्षांपूर्वीचा आहे. नातेवाईक म्हणतात, चारचौघांसारखं वागा. या उपभोक्तावादाला विरोध करणं सार्थ आहे की सार्थक?"

आधी तो 'उपभोक्तावाद' हिंदीला परत करा. 'चंगळवाद' हा खणखणीत शब्द आपल्या घरात आहे.

'सार्थ'ने तर कान किटलेत. चौकातल्या दर फ्लेक्सवर कुणाला तरी कुणाचा तरी 'सार्थ अभिमान' असतो. 'सार्थक चर्चा', 'सार्थक प्रयत्न' ही हिंदी बातम्यांची उचल. मराठीत सार्थक हे नाम: जन्माचं सार्थक होतं, पैसे सार्थकी लागतात. व्याकरणवाले लगेच सांगतील की हा स्वार्थे 'क', त्याने अर्थ बदलत नाही. पोथीत नसेल बदलत. पण लेकीचा पहिला पगार हातात पडल्यावर 'कष्टांचं सार्थ झालं' म्हणणारी आई मला अजून भेटायची आहे. तेव्हा 'विरोध सार्थकी लागेल का' असं विचारा.

खरी गंमत 'सार्थ'मध्ये आहे. 'सार्थ ज्ञानेश्वरी'तला, म्हणजे अर्थासहित, तो सगळ्यांना ठाऊक. पण संस्कृतात सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. त्याचा म्होरक्या तो सार्थवाह. अमरकोशात तर 'संघसार्थौ तु जन्तुभिः', म्हणजे प्राण्यांचा समूह तोही सार्थ. ज्या शब्दाने तुम्ही विरोधाचं माप काढताय, त्याच्या पोटात बाजार आणि कळप दोन्ही बसलेत!

उणादिसूत्रांची, म्हणजे धातूंपासून शब्द कसे बनले हे सांगणाऱ्या संस्कृत व्याकरणसूत्रांची परंपरा हा तांड्याचा सार्थ 'सृ', म्हणजे सरकणे, या धातूपासून काढते. मला मुळीच पटत नाही. सरकते तर नदीसुद्धा. तांडा बांधला जातो तो अर्थाने, स + अर्थ, आणि इथे अर्थ म्हणजे रोकडा पैसा. माल घेऊन एकट्याने रान ओलांडायचं तर चोर आणि श्वापदं. म्हणून सगळ्यांची चाल एक, मुक्काम एक. चारचौघांसारखं वागण्याला तेव्हा जिवाचं कारण होतं. तिसऱ्या मजल्यावर मोठा टीव्ही आला म्हणून दुसऱ्या मजल्यावर हप्ते सुरू होतात, तिथे कुठले आलेत चोर आणि वाघ?

पंचतंत्रातला संजीवक आठवा. वर्धमानक व्यापारी मथुरेला निघालाय, आणि त्याच्या गाड्याचा हा बैल यमुनेच्या काठी पाय मोडून बसतो. सार्थ खोळंबू नये म्हणून त्याला तिथेच सोडतात. राखणीला ठेवलेले गडीही रानाला भिऊन निघून येतात आणि मालकाला बेधडक सांगतात, बैल मेला. इकडे बैल कोवळं गवत खाऊन असा माजतो की त्याची डुरकी ऐकून पाण्यावर आलेला सिंह पाणी न पिताच थबकतो. सार्थ सुटला आणि जन्म सार्थकी लागला, असा हा माझ्या माहितीतला पहिला बैल.

पुढे त्याच सिंहाने त्याला मारलं, हे कुणीतरी मला ऐकवणारच. मारलं, खरं आहे. पण ते दमनक कोल्ह्याच्या चहाड्यांमुळे, गवतामुळे नव्हे.