सॅम्पल लायब्ररीतून प्रोग्राम केलेली इलेक्ट्रिक गिटार कीबोर्डसारखी का वाटते? खरी वाटावी म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की लायब्ररी (खऱ्या गिटारीच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांचा, म्हणजे सॅम्पल्सचा संग्रह) चांगली आहे, अँप सिम्युलेटरही (गिटार-अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) आहे. तरी कॉर्ड गढूळ येतात, सोलो सिंथसारखा वाटतो आणि दोन ट्रॅक डावी-उजवीकडे टाकूनही आवाज पसरत नाही. मग लायब्ररी बदलू का? माझं मत: एवढ्यात नको. दहा बोटांना कीबोर्डवर जे जमतं ते तुम्ही गिटारकडून वाजवून घेताय. सॅम्पलमधला खोटेपणा कानाला उशिरा कळतो, अशक्य हात मात्र लगेच कळतो.

आधी गढूळ कॉर्डचं बघू. तुमची सॅम्पल्स कोरी आहेत का ते तपासा, म्हणजे अँप न लावता पिकअपवरून थेट रेकॉर्ड केलेली, ज्याला डीआय म्हणतात. डिस्टॉर्शनसकट, म्हणजे आवाज आधीच फाटलेल्या अवस्थेत, रेकॉर्ड केलेल्या सॅम्पलवर तीन कळा एकदम दाबल्या की तीन गिटारी तीन वेगळ्या अँपमधून वाजल्यासारखं होतं. खऱ्या गिटारीत सगळ्या तारा आधी एका सिग्नलमध्ये मिसळतात, आणि तो एकत्र सिग्नल अँपमध्ये फाटतो. त्या फाटण्यात स्वरांच्या कंपनसंख्यांची बेरीज-वजाबाकी होऊन नवे स्वर जन्मतात. षड्ज-पंचमाचं प्रमाण २:३, फरक १. म्हणजे षड्जाच्या एक सप्तक खालचा स्वर फुकटात मिळतो. पॉवर कॉर्डचा (फक्त षड्ज-पंचमाच्या कॉर्डचा) भारदस्तपणा येतो तो इथून. गंधाराचं तसं नाही. समान विभागणीच्या ट्यूनिंगमध्ये (सप्तकाचे बारा सारखे भाग) शुद्ध गंधार ४:५ पेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, आणि वजाबाकीत ही चूक फुगते: तयार होणारा खालचा स्वर तब्बल ६७ सेंट चढा येतो. पंचमाच्या बाबतीत हीच चूक जेमतेम ६ सेंटची. म्हणून गेन (अँपमध्ये आवाज किती फाडायचा ते प्रमाण) जास्त असेल तर फक्त मूळ स्वर, +७ आणि +१२ (अर्ध्या स्वराच्या पायऱ्या) एवढंच लिहा. गंधारासकट पूर्ण कॉर्ड हवी असेल तर गेन निम्म्यावर आणा. ही गोष्ट इक्वलायझरने दुरुस्त होत नाही.

आता स्वररचना. मोकळ्या तारांचे मिडी नंबर (सॉफ्टवेअरला स्वर सांगायचे आकडे) जाड तारेपासून ४०, ४५, ५०, ५५, ५९, ६४. नावांऐवजी नंबर देतोय कारण ६० नंबरला काही सॉफ्टवेअर सी३ म्हणतात, काही सी४. मॅन्युअलप्रमाणे दाबलेला कीस्विच (वाजवण्याची पद्धत बदलणारी कळ) चालत नाही तेव्हा बहुतेक वेळा हा एका सप्तकाचा घोळ असतो. कीबोर्डवर सी मेजर ६०-६४-६७ अशी दाबतात. गिटारवर तीच उघडी कॉर्ड ४८-५२-५५-६०-६४ अशी पसरते. बार कॉर्डसाठी (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरलेली कॉर्ड) मूळ स्वरावर +७, +१२, +१६, +१९, +२४ हा साचा लक्षात ठेवा. एफ मेजर म्हणजे ४१-४८-५३-५७-६०-६५. नियम दोनच: एका तारेवर एका वेळी एकच स्वर, आणि दाबलेल्या बोटांचा पसारा साधारण चार फ्रेटच्या आत.

लायब्ररीत तार निवडायची सोय असेल तर ती वापराच. ६४ हा स्वर पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेवर मोकळा वाजतो, दुसरीवर पाचव्या फ्रेटला, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या. स्वर तोच, पण तार जाड होत जाते तसा आवाज गोल आणि जाड होतो. स्वयंचलित निवड एकाच ओळीत मोकळ्या तारेवरून थेट बाराव्या फ्रेटला उडी मारते, आणि ऐकणाऱ्याला कारण न कळता काहीतरी खटकतं. प्रत्येक ओळीसाठी हाताची एक जागा ठरवा आणि तिथेच राहा.

स्ट्रमिंगमध्ये (सगळ्या तारांवरून फटका मारताना) सगळ्या नोट्स ग्रिडवर एका रेषेत असल्या की खेळ संपला. ४८० पीपीक्यू (एका ठोक्याचे ४८० टिक) आणि १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) १ टिक म्हणजे जवळपास १ मिलिसेकंद. दोन तारांमध्ये ५ ते १२ मिलिसेकंद ठेवा, संथ गाण्यात २० पर्यंत. खालचा फटका जाड तारेपासून बारीक तारेकडे जातो, वरचा उलटा; आणि वरच्या फटक्यात बहुधा बारीक तीन-चार ताराच लागतात, सहाही नाही. सुरुवात ठोक्याच्या किंचित आधी करा म्हणजे फटक्याचा भर ठोक्यावर पडेल. व्हेलॉसिटी (नोटचा जोर, कमाल १२७) खालच्या फटक्याला ९५ ते ११५, वरच्याला ७५ ते ९५. १२७ राखून ठेवा. सगळीकडे १२७ दिली तर सर्वांत वरचा एकच लेयर (त्या जोराने रेकॉर्ड केलेली सॅम्पल्स) वाजत राहतो. डिस्टॉर्शननंतर आवाजाच्या पातळीतला फरक दबतो हे खरं, पण लेयर बदलल्याने पिकचा घाव बदलतो आणि तो ऐकू येतो.

फटक्याची दिशा नोट मोजून ठरवू नका. वाजवणाऱ्याचा हात लंबकासारखा चालू राहतो: सोळाव्या भागांच्या तालात १, ३, ५, ७ ला खालचा फटका, २, ४, ६, ८ ला वरचा. मधली नोट गाळली तरी हात हवेतून जातोच. त्यामुळे ३ नंतर थेट ६ आली तर ती वरचा फटकाच. वेगवान मेटल रिफ अपवाद. तिथे सगळे खालचे फटके मुद्दाम मारतात, कारण त्यांचा घाव एकसारखा येतो.

नोट्स आपोआप थोड्या मागेपुढे करणाऱ्या ‘ह्युमनाइझ’ बटणावर माझा फारसा विश्वास नाही. ते सगळं सरसकट हलवतं; माणूस ठरावीक जागी चुकतो. कॉर्ड बदलताना बोटं उचलावी लागतात, तेव्हा आधीची कॉर्ड २० ते ५० मिलिसेकंद लवकर तोडा. लांबची उडी असेल तर त्या फटीत हलक्या व्हेलॉसिटीने एक मृत स्ट्रम (मुक्या केलेल्या तारांवरचा फटका) किंवा बोट घसरल्याचा आवाज टाका, पण दर चार-पाच बदलांत एकदाच. पाम म्यूटमध्ये (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवताना) नोटची लांबी व्हेलॉसिटीइतकीच महत्त्वाची: सोळाव्या भागाची नोट ६० ते ८० टक्केच धरा, नाहीतर सगळं एकमेकांत मिसळून घरघर होते. एकच नोट सलग येत असेल आणि लायब्ररीत राउंड रॉबिन (एकाच स्वराची आळीपाळीने वाजणारी वेगवेगळी सॅम्पल्स) दोनच असतील तर मशीनगन ऐकू येईल. उपाय: दर तिसरी नोट एक फ्रेट वर लिहून पिच बेंडने (स्वर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मिडी संदेशाने) अर्धा स्वर खाली आणा. सॅम्पल वेगळं, स्वर तोच. हे बेंड नोट सुरू होण्याआधी लावायचं आणि पुढच्या नोटआधी शून्यावर आणायचं.

सोलो सिंथसारखा वाटण्यामागे बहुतेक वेळा बेंडच (तार ताणून स्वर चढवणं) असतो. पिच बेंडची रेंज ±२ अर्धे स्वर ठेवली तर अर्ध्या स्वराला ४०९६ आणि पूर्ण स्वराला ८१९१. सरळ तिरकी रेषा ओढू नका. सुरुवात जलद, वर पोचताना संथ अशी वळलेली रेषा काढा. १२० च्या लयीत पूर्ण बेंडला १५० ते २५० मिलिसेकंद पुरतात. व्हायब्रेटोबद्दल (स्वराच्या आंदोलनाबद्दल) एक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. तार ताणली की स्वर चढतोच, उतरत नाही. त्यामुळे साध्या नोटवरचं आंदोलन शून्यापासून वर जाऊन परत शून्यावर यायला हवं. मॉड्युलेशन व्हीलचा एलएफओ (स्वर आपोआप हलवणारी संथ लाट) दोन्ही बाजूंना हलतो, म्हणून तो गायकासारखा किंवा सिंथसारखा वाटतो. बेंड केलेल्या नोटवर नेमकं उलटं: बोट थोडं सैल सोडून परत ताणतात, म्हणून लक्ष्यस्वरापासून खाली आणि परत वर. वेग सेकंदाला ४ ते ६ वेळा, आणि सुरुवात नोट लागल्यावर थोडी थांबून.

स्लाइड मात्र मींडेसारखी गुळगुळीत काढू नका. मध्ये फ्रेट असतात, म्हणून रेषा अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या पायऱ्यांची हवी. हॅमर-ऑन आणि पुल-ऑफला (पिक न मारता नुसत्या बोटाने काढलेले स्वर) नोट्स किंचित एकमेकांवर चढवा आणि दुसरीची व्हेलॉसिटी १५-२० ने कमी करा. आणखी एक अडचण: पिच बेंड संपूर्ण मिडी चॅनलला लागतो. दोन तारा वाजताना एकच ताणायची असेल तर ती वेगळ्या चॅनलवर, नाहीतर दोन्ही चढतील.

अँपच्या साखळीवर फार बोलत नाही. नॉइज गेट (मधली खरखर बंद करणारा), मग ओव्हरड्राइव्ह (ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल भरपूर, जेणेकरून खर्ज आवळला जाईल), मग अँप, मग कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे त्या पेटीची रेकॉर्ड केलेली ध्वनिछाप. शेवटी ८०-१०० हर्ट्झखालचं आणि ८-१० किलोहर्ट्झवरचं कापा. कॅबिनेट विसरलात तर माशी गुणगुणल्यासारखा आवाज येतो.

राहिला रुंदीचा प्रश्न. तोच मिडी ट्रॅक कॉपी करून डावी-उजवीकडे टाकला तर दोन्हीकडे तीच सॅम्पल्स वाजतात, म्हणजे मध्यभागी एकच मोनो गिटार. एक बाजू १५ मिलिसेकंद मागे ढकलली की हेडफोनवर छान वाटतं, पण मोनोत ऐकल्यावर आवाज पोकळ होतो. दुसरा ट्रॅक नव्याने वाजवा किंवा नव्याने लिहा. निदान राउंड रॉबिनची सुरुवात वेगळी ठेवा, व्हेलॉसिटी आणि नोटची टोकं वेगळी ठेवा, वेळ कधी ५ तर कधी १२ मिलिसेकंद इकडेतिकडे करा, आणि पिकअप किंवा अँप बदला. काही लायब्ररींत डबल ट्रॅकची सोय असते, ती दुसऱ्या बाजूला शेजारच्या फ्रेटची सॅम्पल्स वापरते, तीही चालते. मग मोनोचं बटण दाबून ऐका. गिटार बारीक झाली तर दोन्ही बाजू अजून सारख्याच आहेत.

हे सगळं करूनही अडलंच, आणि तुमच्या लायब्ररीत डीआय सॅम्पल्स, तार निवडायची सोय आणि पाम म्यूटला किमान चार राउंड रॉबिन नसतील, तर मात्र बदला. नवी घेताना डेमोतलं गाणं ऐकून ठरवू नका. एकाच तारेवर पाम म्यूटच्या सोळा सलग नोट्स ऐका.