‘ड्रॉ द कर्टन्स’ म्हणजे पडदे लावायचे की उघडायचे?

तुम्ही विचारलंय की मुलीच्या इंग्रजीच्या धड्यात आई सकाळीही पडदे ‘ड्रॉ’ करते आणि संध्याकाळीही, बाईंनी दोन्हीकडे ‘पडदे लावले’ असा अर्थ लिहून दिला, मग खरं काय? आणि आपलं ‘पडदे लाव’ इंग्रजीत साधं कसं म्हणायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ‘क्लोज द कर्टन्स’ म्हणा. यात कमीपणा काही नाही, इंग्रजही तसंच म्हणतात.

पहिल्याचं उत्तर असं की बाईंचं निम्मं चुकलं. ड्रॉ म्हणजे ओढणे, एवढंच. कुठल्या बाजूला ओढायचं ते त्या शब्दात नाही. ओढायचा खण तो ड्रॉवर, ओढून वर घ्यायचा पूल तो ड्रॉब्रिज. ड्रॉइंग रूमचा मात्र चित्रकलेशी संबंध नाही, ती मुळात ‘विथड्रॉइंग रूम’, म्हणजे जेवणं झाल्यावर उठून जाऊन बसायची खोली. डिक्शनरीत पडद्यांच्या बाबतीत ‘ड्रॉ’चे उघडणे आणि बंद करणे असे दोन्ही अर्थ दिलेले असतात. नुसतं ‘ड्रॉ द कर्टन्स’ असेल तर बहुतेक वेळा बंद करणे धरा. ‘ड्रॉ बॅक’ असेल तर उघडणे, तिथे शंका नको. धड्यात सकाळ आहे आणि पुढच्या ओळीत ऊन आत येतंय, तर आईने पडदे बाजूला सारलेत. लावले असतील तर ऊन येईल कुठून?

आपल्याकडेही नुसत्या ‘ओढ’ने भागत नाही. ‘जाताना दार ओढून घे’ म्हटलं की उघडू का लावू असं कोणी विचारत नाही, कारण काम ‘घे’ करतं. ‘पडदा ओढून घे’ आणि ‘पडदा बाजूला ओढ’ यांत ओढणं एकच, खोलीत मात्र एकदा अंधार आणि एकदा उजेड. ‘पडदे लावले का?’ हा प्रश्न नव्या घरात विचारला तर बसवले का, आणि संध्याकाळी सातला विचारला तर बंद केले का. म्हणून ‘पुट द कर्टन्स’ असलं शब्दाला शब्द इंग्रजी करू नका. ‘पुट अप’ म्हणजे टांगणे, आणि नुसतं ‘पुट’ म्हणजे काहीच नाही.

आता मी हे एवढं का लिहितोय ते सांगतो. सांगलीत पडद्यांचं माप घेऊन शिवून बसवून द्यायचं काम आमचं. विश्रामबागेतल्या एका फ्लॅटची ऑर्डर होती. बाल्कनीचं सरकतं दार नऊ फुटांचं, पडदा अख्खा एकच हवा, मधून फाटणारा नको. त्या घरच्या परदेशातल्या मुलाने फोनवर इंग्रजीत लिहून पाठवलं, ‘कर्टन टू ड्रॉ राईट’.

पडद्याच्या धंद्यात ‘वन वे ड्रॉ’ म्हणजे सगळं कापड एका बाजूला जाणारा पडदा आणि ‘टू वे’ म्हणजे मधून दोन्हीकडे जाणारा. ‘वन वे, राईट’ लिहिलं की उघडल्यावर गठ्ठा उजवीकडे, असं आम्ही धरतो. त्या मुलाच्या डोक्यात मात्र ‘ड्रॉ’ म्हणजे बंद करणे. म्हणजे पडदा उजवीकडे जात बंद व्हावा आणि गठ्ठा डावीकडे जमावा. एका शब्दात पडदा बरोबर उलटा.

एका बाजूला जाणाऱ्या लांब पडद्याला आयलेट, म्हणजे रॉड ओवायला कापडातच बसवलेली कडी, चालत नाहीत. रॉड नऊ-दहा फुटांचा झाला की मध्ये वाकतो, म्हणून मधोमध तिसरा ब्रॅकेट द्यावा लागतो, आणि आयलेटचं कडं त्या ब्रॅकेटवरून पुढे जात नाही. आयलेट हवेच असतील तर पडदा मधून दोन भागांत करा आणि प्रत्येक भागाची कडी सम संख्येत ठेवा, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. टोकाचं एक कडं शेवटच्या ब्रॅकेटच्या बाहेर अडकवा, नाहीतर पडदा बंद करताना मागची कडाही सरकत येते आणि भिंतीकडे फट पडते. इथे पडदा एकच होता, म्हणून दोरीचा ट्रॅक घेतला. दाराच्या दोन्हीकडे आठ-आठ इंच जादा, म्हणजे ट्रॅक १२४ इंच. चुण्यांना जवळजवळ दुप्पट कापड लागतं. ४८ इंच पन्ह्याचे पाच पन्हे जोडले, आत अस्तर, वर चुण्या ताठ राहायला बकरमची कडक पट्टी.

बसवून झाल्यावर पडदा उघडला तर जवळजवळ दोन फुटांचा गठ्ठा थेट स्विचबोर्डावर. पंखा लावायला पडद्यात हात घालायचा. शिवाय दाराचा सरकणारा भागही त्याच बाजूला.

बाजू बदलायला काय लागतं, नुसतं फिरवून टांगायचं, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. पडद्याची मागची कडा भिंतीकडे वळवतात, म्हणून तिथे तीन इंच सपाट सोडलेले असतात. पुढची कडा दोरीने ओढल्या जाणाऱ्या रनरला, म्हणजे ट्रॅकमध्ये सरकणाऱ्या आकड्याला, अडकते, तिथे पहिली चुणी दीड इंचावरच असते. अस्तर असल्याने पडदा उलटाही करता येत नाही. म्हणजे दोन्ही टोकांच्या चुण्या उसवून पुन्हा घालायच्या, ट्रॅक उतरवायचा, दोरी दुसऱ्या बाजूने ओवायची. एक दिवस गेला.

त्यावर फोनवरून ऐकून घ्यावं लागलं की ड्रॉ म्हणजे क्लोज, डिक्शनरी बघा, पडदेवाल्यांना इंग्रजी येत नाही. डिक्शनरी बघितली. दोन्ही अर्थ एकाच ओळीत आहेत. ज्या शब्दाचे दोन अर्थ होतात तो मापाच्या कागदावर लिहायचाच नसतो, मग इंग्रजी कितीही चांगलं असो. विचारून घ्यायला हवं होतं, ही चूक मात्र माझीच.

५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं, तिथल्या माणसाला पडद्याचं सांगायला नको. ‘पडदा पडला’ म्हटलं की सांगलीत माणसं उठून चपला शोधतात. वर-खाली जाणाऱ्या पडद्याला हा घोळ नसतोच.

हे सगळं कापडी पडद्यांचं झालं. ब्लाइंड्सना ‘क्लोज’ही पुरत नाही. आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडला बंद करणे म्हणजे तो खाली सोडणे, की खालीच असलेल्याच्या पट्ट्या फिरवणे? म्हणून खाली सोडायला ‘लोअर’ आणि पट्ट्या फिरवायला ‘टिल्ट’ म्हणा. गुंडाळीच्या ब्लाइंडला अमेरिकेत ‘शेड’ म्हणतात, त्याला ‘पुल डाउन’ चालतं. घरात लहान मूल असेल तर दोरीचा फास लोंबता ठेवू नका, पाच फुटांवर खुंटी मारून दोरी तिच्याभोवती गुंडाळा.

पडदे शिवायला टाकताना ड्रॉ, लेफ्ट, राईट यातलं काही लिहू नका. खिडकीचा चौकोन काढा आणि उघडल्यावर कापड जिथे जमायला हवं तिथे फुली मारा. फुली खोलीत आत उभं राहून खिडकीकडे बघत मारायची. बाल्कनीत उभं राहून मारलेल्या फुलीपायी एक ट्रॅक उलटा बसलेला बघितलाय, आणि तिथे कोणी इंग्रजीत एक शब्दही बोललं नव्हतं.