फर्स्ट क्लासचं लाउंज आणि 15 लाखांची एफडी

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरचे एक वाचक, वय 61. शिरोली एमआयडीसीतलं मशीन शॉप मुलाच्या हाती दिलंय, शेडचं महिन्याला 30 हजार भाडं येतं, घरखर्च 45 हजार. राहतं घर सोडून बचत 62 लाख, त्यातली 15 लाखांची एफडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय. मुलगी जर्मनीत डार्मस्टाटला असते. तिच्या बाळंतपणासाठी नवरा-बायको मुंबईहून फ्रँकफर्टला जाणार आहेत. वहिनींचे गुडघे दुखतात. इकॉनॉमीच्या दोन तिकिटांचे दीड लाख वेगळे काढलेत. पण फ्रँकफर्टच्या फर्स्ट क्लास टर्मिनलचा व्हिडिओ पाहिल्यापासून “आयुष्यात एकदाच, होऊ दे खर्च” असं मनानं घेतलंय. ट्रॅव्हल एजंटनं दोघांचं जाऊन-येऊन भाडं सांगितलं ते असं: बिझनेस 4 लाख 60 हजार, फर्स्ट 14 लाख 20 हजार. दुसरीकडे बँकेतला माणूस म्हणतोय, वर्षाला 12,500 फीचं कार्ड घ्या, फर्स्ट क्लास लाउंज फुकट. कशात पैसे घालावेत?

नमस्कार. बँकेतल्या माणसापासून सुरुवात करू, तो विषय लवकर संपतो.

कार्डावर मिळतं ते लाउंज आणि तुम्ही व्हिडिओत पाहिलंत ते लाउंज, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कार्डावरचं लाउंज सगळ्यांसाठीचं असतं. तिथं बुफे, चहा-कॉफी, वायफाय, बसायला बऱ्या खुर्च्या, कुठे आंघोळीची सोय आणि संध्याकाळी दारात रांग. प्रायॉरिटी पाससारखं सदस्यत्व घेतलं तरी दारं उघडतात ती अशाच लाउंजची. विमान कंपनीच्या स्वतःच्या फर्स्ट क्लास लाउंजला भारतातल्या बँकेचं कार्ड दाखवून उपयोग नाही. काही पैसे भरून वापरायच्या लाउंजच्या नावातच ‘फर्स्ट’ असतं, त्यामुळे गोंधळ होतो. पण विकणाऱ्याचा असा गोंधळ व्हायला नको.

शिवाय ‘फुकट’ला आता अटी आल्यात. आयसीआयसीआयनं एप्रिल 2024 मध्ये आपल्या बऱ्याच कार्डांना आधीच्या तिमाहीत 35 हजारांचा खर्च झाला असेल तरच देशातलं लाउंज, असा नियम केला, आणि त्याच वर्षी पुढे तो आकडा वाढवला. एचडीएफसीच्या रेगालियाला डिसेंबर 2023 पासून तिमाहीला 1 लाखाची अट लागली. तुम्हाला सांगितलेल्या कार्डाला अशी अट आहे का, परदेशातल्या लाउंजच्या किती भेटी आहेत, आणि वहिनींना ॲड-ऑन कार्डावर (तुमच्या कार्डाला जोडून मिळणाऱ्या) तेच मिळतं की त्यांचे वेगळे डॉलर कापले जातात, हे तीन प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. तोंडी उत्तर लाउंजच्या दारात चालत नाही.

हिशेब असा: 12,500 वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे वर्षाला 14,750. तुम्ही परदेशी जाणार वर्षातून एकदा, तेही मुलगी तिथं आहे तोवर. पैसे भरून लाउंजमध्ये जायचं तर माणशी 3 हजार धरा. दोघांचे, दोन्ही वेळचे मिळून 12 हजार. म्हणजे केवळ लाउंजसाठी हे कार्ड पहिल्याच वर्षी तोट्यात, आणि दुसऱ्या वर्षी फी परत कापली जाणारच. कार्डाचा खरा फायदा दुसरीकडे आहे, जो तुम्हाला कुणी सांगितला नाही. साध्या कार्डावर परदेशात खर्च केला की साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, लागतो, महागड्या कार्डांवर तो अनेकदा 2 टक्के असतो. तिथं 3 लाख खर्च केलेत तर साडेचार हजार वाचतील. पण मुलीच्या घरी राहून, तिच्याच हातचं खाऊन तुम्ही 3 लाख कशावर खर्च करणार?

आणि फी माफ व्हावी म्हणून मशीन शॉपची बिलं स्वतःच्या कार्डावर फिरवायचा विचार डोक्यात असेल तर तो सोडा. पर्सनल कार्ड धंद्याला वापरणं बहुतेक बँकांच्या नियमात बसत नाही. शिवाय एखादं बिल पूर्ण भरायचं राहिलं तर व्याज महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाला चाळीसच्या वर. कार्ड नको.

आता मूळ मोहाकडे येतो, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. फ्रँकफर्टचं ते टर्मिनल लुफ्तान्सानं 2004 मध्ये उघडलं आणि ते खरोखर नाद खुळा प्रकरण आहे. मुख्य टर्मिनलपासून वेगळी इमारत. दारातच माणूस पासपोर्ट घेतो, सुरक्षा तपासणी तिथंच, रांग नाही. मेनूकार्ड पाहून मागवायचं जेवण, झोपायच्या खोल्या, टब असलेली न्हाणीघरं आणि टबात ते रबरी बदक, जे लोक हौसेनं घरी आणतात. विमानाची वेळ झाली की आपल्याला शोधत माणूस येतो, आणि मर्सिडीज किंवा पोर्श थेट विमानाच्या शिडीपर्यंत सोडते.

आत जायचं तर त्याच दिवशी लुफ्तान्सा किंवा स्विसच्या विमानाचं फर्स्ट क्लासचं तिकीट हवं, नाहीतर लुफ्तान्साच्या सर्वांत वरच्या दर्जाचं, एचओएन सर्कलचं, सदस्यत्व. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचं गोल्ड कार्ड इथं पुरत नाही. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे “आमच्या पाहुण्यांकडे गोल्ड आहे, ते म्हणतात चालतं” असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. गोल्डवर मिळतं ते बिझनेसच्या दर्जाचं लाउंज. हे सगळीकडेच कडक आहे. सिंगापूर एअरलाइन्सचं तिथल्या चांगी विमानतळावरचं ‘द प्रायव्हेट रूम’ तर दुसऱ्या स्टार अलायन्स कंपनीच्या फर्स्टच्या प्रवाशालाही आत घेत नाही, तिकीट त्यांच्याच फर्स्टचं किंवा ‘स्वीट्स’ या केबिनच्या वर्गाचं पाहिजे. वनवर्ल्ड या दुसऱ्या गटात मात्र एमराल्ड या सर्वांत वरच्या दर्जाच्या माणसाला, तिकीट इकॉनॉमीचं असलं तरी, हाँगकाँगमधलं कॅथे पॅसिफिकचं ‘द पियर’ किंवा सिडनीचं क्वांटासचं फर्स्ट लाउंज उघडतं. पण तो दर्जा वर्षभर विमानात राहणाऱ्यांचा. आपला नाही.

एक गोष्ट व्हिडिओत दिसत नाही. हे टर्मिनल फ्रँकफर्टहून निघणाऱ्यासाठी आहे. तुम्ही मुंबईहून फर्स्टमध्ये बसून फ्रँकफर्टला उतरलात की तुमचा प्रवास संपला. तुम्ही बॅगा घेऊन मुलीकडे जाणार. मुंबईत लुफ्तान्साचं स्वतःचं फर्स्ट क्लास लाउंज नाही, तिथं सगळ्यांबरोबर तेच सामाईक लाउंज. म्हणजे जाऊन-येऊन दोन्ही बाजूंचं फर्स्टचं भाडं भरून ते टर्मिनल तुमच्या वाट्याला येणार फक्त परतीच्या दिवशी, तीनेक तास. आणि त्या दिवशी तुम्ही कुठून निघणार? डार्मस्टाटहून, विमानतळापासून गाडीनं अर्ध्या तासावर. नातवंडाला मांडीवर घेऊन बसायचे शेवटचे तीन तास टबातल्या बदकाला द्यायचे का, हे वहिनींना एकदा विचाराच. मला उत्तर माहीत आहे असं वाटतं.

पैशाच्या बाजूनं बघू. फर्स्ट घेतलं तर एफडीतून जादा जाणार 12 लाख 70 हजार. दोन्ही बाजूंचं उडणं आणि ते टर्मिनल मिळून सुमारे 21 तास धरले तर माणशी तासाला 30 हजार. हा आकडा मी घाबरवायला सांगत नाही. कुणाला परवडत असेल तर त्यानं खुशाल द्यावा. तुमच्याकडे अडचण दुसरी आहे. तुमचा महिन्याचा खर्च भाड्यापेक्षा 15 हजारांनी जास्त आहे, वर्षाला 1 लाख 80 हजार. ही तूट बचतीच्या व्याजातून भागतेय. 12 लाख 70 हजार म्हणजे, व्याज बाजूला ठेवलं तरी, सात वर्षांची तूट. बचतीचा पाचवा हिस्सा एका प्रवासात. शेड रिकामी पडली किंवा मुलाला धंद्यात पैसे लागले तर याच एफडीकडे हात जाणार, आणि फाउंड्रीच्या ऑर्डरींचा चढउतार मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

तरीही सगळा प्रवास इकॉनॉमीत करा असं मी म्हणणार नाही. मुंबईहून फ्रँकफर्टला जाणारं लुफ्तान्साचं विमान सहसा मध्यरात्रीनंतर निघतं, परतीचं दिवसा. झोप लागणार ती जाताना. दुखऱ्या गुडघ्यांना पाय सरळ करून आडवं व्हायला मिळणं, ही या प्रवासातली एकच गोष्ट पैसे मोजून घेण्यासारखी आहे, आणि ती बिझनेसमध्ये मिळते. म्हणून एजंटला सांगा: एकाच तिकिटावर, जाताना बिझनेस, येताना इकॉनॉमी, त्याचं भाडं काढ. वेगवेगळी एकेरी तिकिटं घेऊ नका, मोठ्या कंपन्यांचं एकेरी भाडं निम्मं नसतं, बरंच जास्त पडतं. तुमच्या आकड्यांवरून हे दोघांचं 3 लाख 10 हजारांच्या आसपास बसावं. एफडीतून जादा गेले 1 लाख 60 हजार. बिझनेसच्या तिकिटावर मुंबईतलं लाउंज आलंच, त्यासाठी कार्ड लागत नाही. विमान कोणतं आहे, सीट पूर्ण सपाट होते का, हे सीटचा नकाशा उघडून बघून घ्या. एजंटच्या “होय होय” वर जाऊ नका.

आता कोल्हापूरकरांची जी खरी अडचण, ती कुठलंच लाउंज सोडवत नाही. कोल्हापूर ते मुंबई 380 किलोमीटर. हायवेचं काम, पुण्याजवळची कोंडी आणि घाट धरून आपण दोन-तीन तास जादा हाताशी ठेवून निघतो, आणि नशिबानं रस्ता मोकळा मिळाला की संध्याकाळी सहालाच सहारला विमानतळावर पोचतो. चेक-इनचा काउंटर उघडतो विमानाच्या तीनेक तास आधी. आंतरराष्ट्रीय लाउंज इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणीच्या पलीकडे. म्हणजे पहाटे तीनचं विमान असेल तर रात्री बाराच्या सुमारापर्यंत तुम्ही बॅगांच्या ट्रॉलीशेजारी, लोखंडी बाकावर. हातात फर्स्टचं तिकीट असलं तरी हे पाच-सहा तास कुणी वाचवत नाही. त्यापेक्षा अंधेरी पूर्वेला किंवा मरोळला विमानतळाजवळच्या हॉटेलात अर्ध्या दिवसाची खोली घ्या. पाचेक हजारांत आंघोळ, जेवण, पाठ टेकायला पलंग. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च हाच.

उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, विमानानं मुंबई गाठणार असाल तर एक लक्षात ठेवा. ते तिकीट वेगळं असेल आणि विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं तर फ्रँकफर्टचं विमान थांबत नाही, आणि पुढच्या कंपनीवर त्याची जबाबदारीही नसते. पावसाळ्यात जाणार असाल तर आदल्या दिवशीच निघा. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबई आणि दिवसभर ती हॉटेलची खोली, हाही मार्ग वाईट नाही.

उरलेल्या पैशांचं सांगतो. 15 लाखांतून 1 लाख 60 हजार गेल्यावर 13 लाख 40 हजार राहतात. तुम्ही साठी ओलांडली आहे, तेव्हा ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. मर्यादा 30 लाखांची, मुदत 5 वर्षं, सध्याचा दर 8.2 टक्के, व्याज दर तिमाहीला. म्हणजे तिमाहीला 27,470 रुपये, महिन्याला साधारण 9 हजार. तुमच्या 15 हजारांच्या तुटीतली निम्म्याहून जास्त इथंच भरून निघाली. व्याज करपात्र आहे, मुदतीआधी मोडलं तर थोडी कपात होते. एफडी मॅच्युअर झाल्यावर बँक ती आपोआप पुढे रिन्यू करते, ती सूचना आधीच जाऊन रद्द करा. शक्यतो खातं निघायच्या आधी उघडा, नाहीतर परत येईपर्यंत पैसे बचत खात्यात पडून राहतील.

विम्यात हात आखडू नका. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण किमान म्हणजे पुरेसा नव्हे. गुडघ्यांचं दुखणं आधीपासूनचं आजारपण म्हणून अर्जात लिहा. लपवलंत तर क्लेम त्यावरच अडेल.

राहिले गुडघे. व्हीलचेअरची मदत प्रत्येक वर्गाच्या प्रवाशाला मिळते, पैसे पडत नाहीत. युरोपात तर ती फुकट देणं कायद्यानं बंधनकारक आहे. चेक-इनपासून विमानाच्या दारापर्यंत माणूस घेऊन जातो, सुरक्षा आणि इमिग्रेशनच्या लांब रांगेत उभं राहावं लागत नाही. बरेच जण संकोचानं मागत नाहीत. किमान 48 तास आधी कळवावं लागतं, आणि जाताना-येताना दोन्ही वेळची नोंद वेगवेगळी झाली आहे ना हे बुकिंगवर तपासा. एजंट बहुधा जातानाचीच टाकतो.