१८व्या शतकातल्या इंग्लिश पुस्तकांवर छापणाऱ्या-विकणाऱ्या म्हणून बायकांची नावं दिसतात. त्या खरंच धंदा चालवत होत्या की नुसत्या नावापुरत्या? आणि एकूण धंद्यात त्यांचं प्रमाण किती होतं?

‘नावापुरत्या’ हा शब्द वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

चालवत होत्या. टेस सोलचंच घ्या. लंडनमध्ये तिच्या वडिलांचा, अँड्र्यू सोलचा, छापखाना होता, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची पुस्तकं छापणारा. १६९१च्या सुमारास तो तिच्या हातात आला. १६९५ साली, लग्नाआधी, ती वडिलांच्या हक्काने स्टेशनर्स कंपनीची, म्हणजे छापणाऱ्या-विकणाऱ्यांच्या संघाची, रीतसर सभासद झाली. जॉन डंटन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने तिच्या हयातीतच लिहून ठेवलंय की ही मुद्रकही आहे, विक्रेतीही आहे आणि स्वतः चांगली जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे (धातूची अक्षरं) जुळवणारी, आहे. (टेस म्हणजे लॅटिनमध्ये ‘गप्प राहा’. मुलीचं नाव असं ठेवणारे आईबाप कसे असतील!)

१७०६ साली तिचं लग्न झालं आणि पुस्तकांवरून तिचं नाव गेलं. जागी नवऱ्याचं आलं नाही, आईचं आलं. जे. सोल, म्हणजे जेन. विवाहित बाईची मिळकत कायद्याने नवऱ्याची, विधवेची मात्र तिची स्वतःची. ही त्यातलीच हुशारी असावी असं मला वाटतं. आई १७११ साली गेली तरी पुस्तकांवर तिचंच नाव चालू राहिलं. नवरा १७२३ साली गेला. पुढे लूक हाइंडला भागीदार घेतल्यावर टेसचं नाव परत दिसायला लागलं.

म्हणजे काम लेकीचं, नाव आईचं. आमच्याकडे काम आईचं आणि नाव दादाचं होतं.

आमचा मिरजेला छापखाना होता. एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, खिळे ठेवायच्या लाकडी केसेस, आणि लग्नसराईत कायम कमी पडणारे ‘चि.’ आणि ‘सौ.’चे खिळे. १९७६ साली बाबा गेले तेव्हा दादा १९ वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. छापखान्याचा चालक कोण, याचं प्रतिज्ञापत्र नव्याने द्यायचं होतं. बाबा असतानाही खिळे जुळवायला आईच बसायची, उधारीची वही तिच्याच हातात, कागदवाल्याशी भांडायचीही तीच. पण प्रांताच्या कचेरीत जायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, “दिवस आणीबाणीचे आहेत. उद्या कुणाचं पत्रक छापलं आणि पोलीस दारात आले तर? बाईमाणसाचं नाव नको.” सही दादाने केली. तेव्हापासून प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ‘मुद्रक’ म्हणून त्याचं नाव. ते नावसुद्धा आईच जुळवायची. उलटं, आरशातल्यासारखं, न बघता.

काकांचं एक बरोबर होतं. छापलेलं नाव म्हणजे पोलिसांना दिलेला पत्ता. लंडनलाही हेच होतं, फक्त तिथे बायकांची नावं पुढे केली जायची. टेंपल बार या वेशीजवळ ॲन डॉड वर्तमानपत्रं आणि पत्रकं घाऊक विकायची. अशा विक्रेत्यांना ‘मर्क्युरी’ म्हणत. सरकारविरोधी काही निघालं की धरपकड यांची, लिहिणारा नामानिराळा. रॉयल एक्स्चेंजपाशी दुकान असलेल्या एलिझाबेथ नटलाही अटक झालेली आहे. अलेक्झांडर पोप या कवीचं उपहासकाव्य ‘डन्सियड’ १७२८ साली आलं ते कवीच्या नावाशिवाय. वर लिहिलं होतं: डब्लिनला छापलं, लंडनला ए. डॉडसाठी पुन्हा छापलं. डब्लिन ही निव्वळ थाप. पोप सुरक्षित, पुढे ए. डॉड.

तेव्हा ‘नावापुरत्या’ म्हणायचंच असेल तर या अर्थाने म्हणा, की नाव लावणं हेच जोखमीचं काम होतं आणि ते त्या करत होत्या.

प्रमाणाच्या भानगडीत मी पडत नाही. ‘ए. डॉड’, ‘एम. कूपर’ अशी आद्याक्षरं मोजणार कशी? पुरुष धरून मोकळे होणारे कमी नाहीत. एम. म्हणजे मेरी. नवरा १७४३ साली वारल्यावर पॅटरनॉस्टर रो या रस्त्यावरचं दुकान तिने १७६१ पर्यंत, मरेपर्यंत, चालवलं. १७४४ साली मुलांच्या गाण्यांचं पुस्तक काढलं. थॉमस ग्रे या कवीची ती प्रसिद्ध विलापिका १७५१ साली आली तेव्हा सहा पेन्सला तिच्याच दुकानात मिळायची. इंग्लंडचं पहिलं दैनिक, ११ मार्च १७०२चं ‘डेली कुरंट’, तेही ई. मॅलेटच्या नावाने निघालं. ई. म्हणजे एलिझाबेथ. काही आठवड्यांतच ते सॅम्युअल बकलीकडे गेलं, तो भाग वेगळा.

आता हेही सांगायला हवं, नाहीतर कुणी खाली येऊन सांगेल: सगळ्या काही टेससारख्या जुळारी नव्हत्या. मेरी कूपर बऱ्याचदा दुसऱ्याच्या पैशाने छापलेला माल फक्त विकायची. ग्रेचं पुस्तकही मुळात रॉबर्ट डॉड्स्ली या प्रकाशकाने काढलेलं. आणि रस्त्यावर ओरडत पत्रकं विकणाऱ्या बायकांचं तर आद्याक्षरही कुठे छापलेलं नाही.

पण ‘मदत करायच्या’ असं म्हणू नका. हा शब्द मी १९८४ पासून ऐकतेय. त्या वर्षी छापखान्याला २५ वर्षं झाली म्हणून दादाने स्मरणिका काढली. आपल्या मनोगतात लिहिलं, ‘या वाटचालीत आईची बहुमुल्य मदत झाली.’ हे मनोगत जुळवलं आईने. ‘मु’ चा ‘मू’ केला. वाक्याला हात लावला नाही.

दादाचं म्हणणं, तू तेव्हा लहान होतीस, तुला काय आठवतंय. मी १४ वर्षांची होते. छपाई झाल्यावर खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायला रात्री आईशेजारी मीच बसायचे. त्या पानाचा मजकूर सोडताना तिने ‘मदत’ तीन खणांत टाकलं आणि म्हणाली, “म कमी पडतोय, उद्या तीन पत्रिका आहेत, लवकर आटप.”