पहिल्याच बैठकीत ट्रान्सीव्हर नको, डमी लोड करा

तुमच्या हॅम (हौशी) रेडिओ क्लबचे पंधरा सदस्य, त्यातल्या निम्म्यांना नुकताच परवाना मिळालेला, हाताशी एकच दिवस, आणि सगळ्यांनी एकत्र बसून 40 मीटर बँडचा (7 मेगाहर्ट्झच्या आसपासचा) सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सचा, ट्रान्सीव्हर (संदेश पाठवणारा आणि घेणारा संच) बनवायचा, असा तुमचा बेत आहे. माझ्या मते ते किट पुढच्या वेळेसाठी ठेवा. ट्रान्सीव्हर मुका राहिला तर दोष शोधायला जाणता माणूस लागतो. दिवस संपत आला की असे पाच-सहा बोर्ड त्या एकाच माणसापुढे येऊन पडतात, आणि बाकीचे खुर्च्या आवरायला लागतात.

त्यापेक्षा 50 ओहमचा डमी लोड घ्या, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा, सेटची पॉवर उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर. 1 किलोओहम, 2 वॅटचे वीस रेझिस्टर दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये समांतर जोडायचे, झालं. मेटल फिल्म किंवा कार्बन फिल्म चालतील, पण वायरवाउंड अजिबात नको. त्यात तार गुंडाळलेली असते, म्हणजे आरएफच्या (रेडिओ लहरींच्या वारंवारतेच्या) दृष्टीने ती कॉइलच. कागदावर हा लोड 40 वॅटचा होतो. प्रत्यक्षात रेझिस्टर दाटीने बसवलेले असतात, त्यामुळे तेवढी पॉवर सलग देऊ नका.

मला हा प्रकल्प आवडतो तो मोजमापासाठी. दर पाच रेझिस्टरनंतर सगळ्यांना थांबवा आणि मल्टिमीटर लावायला सांगा: 200, मग 100, मग 67, शेवटी 50. पाचांतला एक जॉइंट ड्राय असेल, म्हणजे सोल्डर नीट धरलेलं नसेल, तर 200 ऐवजी 250 दिसतात, नवख्यालाही कळतं. तोच दोष विसाव्या रेझिस्टरनंतर शोधायला गेलात तर मीटर 52.6 दाखवेल, आणि 5 टक्के टॉलरन्सचे रेझिस्टर असतील तर तो आकडा सहज खपून जाईल. म्हणून 1 टक्केवाले घ्या आणि टप्पे चुकवू नका. पुढे निघून गेलेल्यांनी शेजाऱ्याचे जॉइंट तपासावेत, तेवढाच त्यांचाही हात थांबतो.

63/37 सोल्डर (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) 183 अंश सेल्सिअसला वितळतं, पण सोल्डरिंग आयर्न 350 च्या आसपास ठेवा. खरी अडचण येते ती एसओ-239 सॉकेट (सेटची केबल जोडायचं) आणि तांब्याच्या पट्टीवर. 25 वॅटचं आयर्न तिथे उष्णता पुरवू शकत नाही, सोल्डर नुसतं गोळा होऊन बसतं. एका टेबलावर जाड टिपचं 60 ते 100 वॅटचं आयर्न ठेवा आणि ते काम तिथेच होऊ द्या. रेझिस्टरचे जास्तीचे पाय (तारा) कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच; तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही.

वेळ उरलाच तर एक 1एन4148 डायोड आणि 100 व्होल्टचा 0.01 मायक्रोफॅरड कपॅसिटर जोडून पीक डिटेक्टर (आरएफ व्होल्टेजचं शिखर डीसीत दाखवणारं सर्किट) करा. डीसी व्होल्टेजमध्ये 0.7 मिळवायचे, वर्ग करायचा, 100 ने भागायचं, की वॅट मिळाले. 5 वॅटला मीटर साधारण 21.7 व्होल्ट दाखवतो. या डायोडवर 10 वॅटच्या पुढे जाऊ नका, उलट दिशेचा व्होल्टेज त्याला झेपत नाही.

परवानाधारक सदस्याने आपला रेडिओ सेट आणला की प्रत्येकाचा लोड तिथल्या तिथे तपासता येतो. पुढच्या बैठकीत ट्रान्सीव्हर काढाल तेव्हा टोरॉइडसाठी (तार गुंडाळून कॉइल करायची कडी) वेगळा वेळ ठेवा: तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे, आणि टोकांचं एनॅमल नीट खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही.