वाचक विचारतात : चोच पिवळी दिसली म्हणून लगेच नाव ठरवायचं का?

प्रश्न : ताई, जुलैमध्ये लडाखला गेलो होतो, तिथे शेतात काळ्या कावळ्यासारख्या पक्ष्यांचा थवा उतरलेला. बहुतेकांची चोच लाल, पण तीन-चार जणांची पिवळट. मी वहीत दोन्ही चफ (कावळ्याच्या कुळातले डोंगराळ भागातले पक्षी) लिहिले, लाल चोचीचा आणि पिवळ्या चोचीचा. मित्र म्हणतो सगळे एकच. कोण बरोबर?

उत्तर : मित्राला चहा पाजायची तयारी ठेवा. जुलै म्हणजे नुकती उडायला लागलेली पिल्लं थव्यात असणारच, आणि लाल चोचीच्या चफच्या पिल्लाची चोच आखूड आणि पिवळट-नारिंगी असते, ती लाल व्हायला शरद ऋतू उजाडतो. मीसुद्धा यात फसलेय, तेही दोनदा. पायांवर जाऊ नका, मोठ्या पक्ष्यांचे पाय दोन्हीकडे लालच.

पक्षी बसलेला असेल तर मागचं टोक बघा. पिवळ्या चोचीच्या चफची शेपटी मिटलेल्या पंखांच्या बरीच पुढे आलेली दिसते, लाल चोचीवाल्याचे पंख जवळजवळ शेपटीच्या टोकापर्यंत पोचतात. उडताना लाल चोचीवाल्याचे पंख रुंद, चौकोनी, टोकाला बोटं फाकवल्यासारखी पिसं आणि शेपटी आखूड, दुसऱ्याची शेपटी लांब आणि गोलसर. आणि कान उघडे ठेवा हो! लाल चोचीवाला 'चीऽआव' असं ठसक्यात ओरडतो, पिवळ्या चोचीवाल्याची बारीक शीळ, मध्येच थरथरती 'प्रीप'. हा पिवळ्या चोचीवाला एव्हरेस्टवर गिर्यारोहकांच्या मागे 8200 मीटरपर्यंत गेलेला आहे, तेव्हा तुमच्या शेतात तो नव्हताच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण निव्वळ चोचीच्या रंगावर नोंद नको. फोटोत शेपटी दिसतेय का बघा.

प्रश्न : अरुणाचलमध्ये मे महिन्यात काढलेला थ्रश या गाणाऱ्या पक्ष्याचा फोटो पाठवतेय, पाठ साधी तपकिरी, छातीवर खवले. अल्पाइन थ्रश की हिमालयन फॉरेस्ट थ्रश?

उत्तर : फोटो छान आहे पण मला त्यावरून सांगता येत नाहीये. खरं तर आधी हे दोन्ही एकच प्लेन-बॅक्ड थ्रश म्हणून धरले जायचे. 2009 मध्ये अरुणाचलमध्येच संशोधकांच्या लक्षात आलं की जंगलातला पक्षी गोड गातो आणि झाडं संपतात त्याच्या वर खडकांत राहणारा मात्र खरखरीत, कर्कश गातो. 2016 मध्ये जंगलातल्याला वेगळी प्रजाती म्हणून नाव मिळालं, सलीम अलींच्या सन्मानार्थ 'झूथेरा सालीमअलीआय'. त्याची चोच जरा लांब, शेपटी आखूड, पण हे 'जरा' एकट्या फोटोत कसं मोजणार. तुम्ही होतात कुठे, झाडीत की वर उघड्यावर? आणि तो गात होता का? मोबाईलवर दहा सेकंद रेकॉर्डिंग असेल तर ते पाठवा, लगेच सांगते. हिवाळ्यात भेटला असता तर मी नुसतं 'झूथेरा', म्हणजे दोघांच्या शास्त्रीय नावाचा सामायिक पहिला भाग, लिहून वही मिटली असती.